तापातला फोन

खोताची वाडी, गिरगाव
६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. सुमतीस,
अ. उ. आ.

आपला अबोला बोलण्यापुरता आहे, लिहिण्याला लागू नाही, म्हणून हे पत्र. परवा मी तुला फोन केला असं घरात सगळे सांगतात. मला व्हायरल झालं होतं. ताप एकशे दोन, अंग ठणकतंय, भूक मेलेली, बसल्या जागी झोप. तो फोन मी केला नाही, व्हायरसने केला. तेव्हा अबोला सुटलेला नाही. चार वर्षांपूर्वी मी भाजलेल्या कोळंबीच्या भानोळ्याला तू चारचौघांत वीट म्हणालीस, ते मागे घे, मग बघू.

फोनवर मी काय बोललो तेवढं कळव.

लोभ आहेच, अबोल्याने तो आटत नाही.
तुझा दादा,
मनमोहन

अँटॉप हिल
९ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझी नात ओवी पोट धरून हसली. परळला डॉक्टरकी शिकते ना. ती म्हणते, व्हायरस शिरला की आपल्याच पेशी मेंदूला वर्दी देतात आणि मेंदू अंग तापवतो, कारण तापल्या अंगात व्हायरसला पिलावळ वाढवणं जड जातं. भूक मारतो तोही मेंदूच, आणि झोपवतो तोही, सगळी ताकद लढाईला लागावी म्हणून. मग ताप तुझा, झोप तुझी आणि फोनही तुझाच. माझा नंबर व्हायरसला पाठ कसा असेल?

तू एवढंच म्हणालास की सुमे, तुझ्याशिवाय जेवणात राम नाही. मग झोपलास आणि वीस मिनिटं घोरलास. मी फोन ठेवला नाही. चार वर्षांनी तुझा आवाज कानावर पडत होता रे. मला फार बरं वाटलं.

वीट मात्र वीटच होती.

लोभ ठेव, पेजही घेत जा.
तुझी सुमती

खोताची वाडी
१३ ऑक्टोबर

चि. सुमे,
अ. उ. आ.

सकाळी ताप दोनदा मोजला, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. शेजारच्या राजारामलाही थर्मामीटर दाखवला, मागाहून तक्रार नको. म्हणजे पुढचं सगळं शुद्धीवर लिहितोय.

चार वर्षांपूर्वी त्या दिवशी भानोळं ओव्हनमध्ये ठेवून माझा डोळा लागला होता. तेव्हा ताप नव्हता. व्हायरसही नव्हता.

शुक्रवारी पाच वाजता फोन करतो, उचल. आणि भाऊबिजेला मुक्याने ओवाळून जाऊ नकोस, चार वर्षं झालं तेवढं पुरे. भानोळं तूच कर.

लोभ वाढव, विटेसकट.
दादा