उकळूनही न मेलेला पाहुणा

योकोहामा, ८ नोव्हेंबर

ती. तोकुजिरोमामांस,
मिनाएचा सा. न. वि. वि. कमरेतून नीट वाकले आहे, तपासायला येऊ नका.

पत्र लिहिते आहे, कारण प्रयोगशाळेतल्या फोनला पंचवीस कान आहेत. आपल्या यानाने लघुग्रहावरून जी खडी आणली, तिचा मोहरीएवढा एक कण माझ्या वाट्याला आला. त्यात बारीक दांड्यांसारखे जीव दिसले. चार दिवसांत दुप्पट झाले. हिराओका सरांनी त्यातले थोडे उकळायला लावले. उकळले, आणि पुन्हा वाढले. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही न हसलेले आमचे सर त्या दिवशी हसले. पृथ्वीबाहेरचे पहिले जीव, आणि ते पाहणारी पहिली मी. चोवीस तारखेला जाहीर करायचं आहे. व्यासपीठावर सरांच्या शेजारी माझी खुर्ची. पाच वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर काढली, आता कायम करतो म्हणालेत.

तोंडाला कुलूप ठेवा. फक्त देवळातल्या र्योकाईबुवांना आडून विचारा, की असं काही निघालं तर धर्माचं काय. कुणाच्या तरी घरात चपला घालून शिरल्यासारखं वाटतंय.

तुमची, लवकरच मोठी होणारी भाची,
मिनाए


कामियानागी, १२ नोव्हेंबर

चि. मिनाए हीस,
अ. आ. तुझ्या मोठेपणाला पुरून उरतील इतके.

कुलूप लावलं होतं. मी फक्त बुवांना सांगितलं, बुवांनी फक्त न्हाव्याला. आता गावात ही बातमी ठाऊक नसलेला एकच उरला आहे, भाताची देवता इनारी, तिच्या देवळातला दगडी कोल्हा.

धर्माची काळजी सोड. बुवा तसूभरही हलले नाहीत. बुद्धाच्या सूत्रांत अगणित जगं कधीचीच सांगून ठेवली आहेत, शास्त्रज्ञांनाच उशीर झाला, असं त्यांचं म्हणणं. आम्ही मिसोवाल्यांनी देवळामागे सूक्ष्मजीवांचा दगड उभारला आहे ना, पिंपांत सोयाबीन आंबवून मिसोचं खारं वाटण करताना जे कोट्यवधी मरतात त्यांच्यासाठी दर नोव्हेंबरात मंत्र म्हणतो तो? यंदा त्या विधीच्या यादीत तुझे पाहुणेही घालणार आहेत. अडलंय ते एवढ्यावरच, की त्यांना मरणोत्तर नाव कोणतं द्यावं. इनारीचे पुजारी म्हणाले, आपले ऐंशी लाख देव आहेतच, एकाने गर्दी होत नाही. चर्चच्या कुराताबाई तेवढ्या गंभीर झाल्या. एवढ्याशा जिवाला पाप करायला सवड तरी मिळते का, असं त्यांनी मलाच विचारलं, जणू मी त्या विषयातला जाणकार. एकूण विश्व उलटलं आणि गावातली एक चटई सरकली नाही.

आता अडाण्याची एक शंका. उकळून न मरणारा एकच दांडगट माझ्या ओळखीचा आहे, नात्तोचा. सोयाबीन आंबवून केलेला तो तार सुटणारा चिकट पदार्थ तू लहानपणापासून ओरपतेस. आमच्या शेडमध्ये मिसोसाठी तांदळावर कोजीची बुरशी चढवायचे दिवस आले की नात्तो खाल्लेल्या माणसाला मी दारातही उभा करत नाही. तो आत शिरला की कोजी गेलीच. तुझे बाबा नवे जावई म्हणून पहिल्यांदा आले, त्यांनाही अंगणातूनच चहा पाजून परत पाठवलं होतं. तर बाई, तो कण उघडलास त्या सकाळी न्याहारीला काय होतं?

गावभर तुझं कौतुक करत फिरणारा,
मामा


योकोहामा, १५ नोव्हेंबर

ती. मामांस, नमस्कार. आज एवढाच.

आम्ही आंघोळ करतो, अंगभर झगा घालतो, दोन-दोन हातमोजे चढवतो, हवेच्या झोताखाली उभे राहतो. नियमावलीत तीनशे बारा कलमं आहेत आणि त्यांत न्याहारीचं एकही नाही. पिंपांच्या शेडचा कायदा तुम्ही अंतराळाला लावताय. हे सरांसमोर काढलं तर माझी खुर्ची व्यासपीठावरून थेट रस्त्यावर जाईल.

आणि हो, खाल्ला होता. रोज खाते. वर कांदा घालून.

मिनाए


कामियानागी, १७ नोव्हेंबर

चि. मिनाए हीस, आशीर्वाद. रागावलेल्या माणसाला जास्त लागतात, म्हणून दुप्पट.

सरांना आत्ताच काही सांगू नकोस. दुकानातून नात्तोचा एक पुडा आण, त्यातले जीव तुझ्या पाहुण्यांशेजारी ठेव आणि बघ. माझं खोटं ठरलं तर गावासमोर बसून नात्तो खाईन, तोही कोजीच्या दिवसांत. पण खरं असलं आणि ते चोवीस तारखेनंतर परक्या कुणी शोधलं, तर त्या व्यासपीठावर तू एकटीच उरशील. सरांना तेव्हा नेमकं दुसरीकडे काम निघेल.

तुझा पिंपवाला,
मामा


योकोहामा, २५ नोव्हेंबर

ती. मामांस, सा. न. वि. वि. खरोखर वाकून.

पुड्यातले आणि माझे, एकाच आईची लेकरं निघाली.

कळल्यावर दोन दिवस मी गप्प बसले, हेही सांगते. माझ्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि कायम नेमणुकीचा कागद सहीसाठी टेबलावर येऊन पडला होता. तो तसाच उचलून सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सरांनी चष्मा पुसला. मग त्यांनी विचारलं, कांदा घातला होता का. विज्ञानाला त्याचा काय उपयोग ते मला अजून कळलेलं नाही.

कार्यक्रम रद्द झाला. नेमणुकीचा कागद सरांनी खणात ठेवला, सहा महिने निर्जंतुक खोलीत पाऊल टाकायचं नाही असं सांगितलं. नियमावलीत न्याहारीचं कलम आलं आहे. पाच वर्षांत माझ्या हातून विज्ञानाला मिळालेलं तेवढंच. ते सगळे जीव परवा भट्टीत घालून संपवले. आपल्याच ताटातले होते, तरी झाकण लावण्याआधी पुन्हा एकदा आत बघितलं. तिकडचे असते तर, असं अजून वाटतं.

तुमचंच खरं ठरलं. आता खुशाल मिरवा.

मिनाए


कामियानागी, २८ नोव्हेंबर

चि. मिनाए हीस,
अ. आ. हे मात्र तुला मान म्हणून उभं राहून लिहितो आहे.

मिरवलो नाही. काल दगडापुढचा विधी झाला. बुवांना आधीच खरं सांगितलं, वाटलं पाहुण्यांना यादीतून काढतील. ते म्हणाले, यादी छापून झाली आहे, शिवाय मेलेल्याचा पत्ता कुणी विचारत नाही. कुराताबाई फुलं घेऊन आल्या. जीव इथलेच निघाल्यामुळे त्यांची पापाची अडचण सुटली होती. पुजाऱ्यांना मात्र एक देव कमी झाल्याचं जरा लागलं.

तू सरांपुढे कबुली दिलीस, आता माझी ऐक. न्याहारीचं मी हुशारीने विचारलं नव्हतं, घाबरून विचारलं होतं. पंधराव्या वर्षी परक्याची पिंपं धुवायला लागलो, तेव्हापासून रोज सकाळी शेडमध्ये शिरताना मी कोजीला हात जोडतो. बुवांचे मंत्र मला कळत नाहीत. माझा देव तेवढाच, माझ्या शेडमधला, मला ओळखणारा. तुझं पत्र वाचलं आणि मनात आलं, असले जीव आभाळातल्या खडीखडीतून भरलेले असतील, तर हा मला कशाला ओळखेल? बुवा हलले नाहीत, कुराताबाई सावरल्या. हललो तो मी, सगळ्यांची थट्टा करत हिंडणारा. म्हणून तुझी चूक हुडकायला बसलो. ती होती, हे नशीब. नसती तरी मी हुडकतच राहिलो असतो.

यान पुन्हा जाईल, पुन्हा खडी येईल. तेव्हा काही दिसलं तर मला सगळ्यांत शेवटी कळव. आधी तू पोटभर बघून घे.

माया आहे तेवढीच आहे, तिला तपासणी लागत नाही.

तुझा,
तोकुजिरोमामा