अंड्यांवरची पेन्सिलीची खूण

कोल्बी,

कॉलेजला पळताना “आजी, पेटीतल्या अंड्यांना हात लावू नकोस” एवढंच ओरडून जातोस. का, ते सांगायला जीभ झिजली असती?

तुझ्या अजगराच्या अंड्यांवर पेन्सिलीची खूण दिसली. उबवायला ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्यांवर मीही तशीच करते, रोज कुठलं उलटलं ते कळावं म्हणून. मग तीही उलटत राहिले. आज तुझं गिऱ्हाईक आलं आणि बघून कपाळाला हात लावून बसलं. म्हणे, ती खूण वरची बाजू वरच राहावी म्हणून असते; सापाचं अंडं उलटलं की आतलं पिल्लू गुदमरतं. अन् ती पिल्लं विकून तू फी भरणार होतास.

मक्याचा पाव ओव्हनमध्ये आहे. खुराडं रिकामं दिसेल, शोधत बसू नकोस. कोंबड्या विकायला घेऊन टल्साच्या बाजाराला गेलेय.

आल्यावर तोंडावर सांगणारच आहे, “हात माझा चुकला रे, पण आधी जीभ तुझी चुकली.”