संयुक्ताचा वेगळा पेला

६ सप्टेंबर २०२५
माझा पुतण्या राणोजी याने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर लिहिलेला वृत्तान्त चुकीचा आहे. मी माझ्या मुलीला हाकलून दिलेले नाही. रक्तात एचआयव्ही असल्याचे घरी सांगितल्यानंतर थोड्याच दिवसांत संयुक्ता स्वतः गेली — कोवलमच्या शाळेत नोकरी धरून. तेही २०१९ साली नव्हे.

७ सप्टेंबर
राणोजीचा आधार म्हणजे तिनेच इंटरनेटवर टाकलेली चित्रफीत. आज पाहिली. नाव, चेहरा काहीही लपवलेले नाही. रोज गोळी घेते. विषाणू आता चाचणीतही सापडत नाही, असे सांगते. कानापाशी केस पांढरे झाले आहेत. मला ठाऊक नव्हते!

शेवटी म्हणते, घरात माझा पेला वेगळा ठेवला, म्हणून निघाले. हा अन्याय आहे. आमच्याकडे प्रत्येकाचाच पेला वेगळा. ओठ न लावता वरून ओतून पिण्याची रीत तंजावरापासूनची. ती विसरली?

८ सप्टेंबर
चित्रफीत पुन्हा लावली. केवळ आवाजासाठी.

१० सप्टेंबर
फोन केला. रीत समजावून सांगितली. तिने सारे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आप्पा, पेले सगळ्यांचेच वेगळे. पण माझाच तेवढा बाल्कनीत, कुंडीमागे असायचा. तुम्ही तिथेच पेपर वाचायचात."

बहीण कनका माझ्याकडेच राहते. तिला विचारले. तिने मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. "अण्णा, पेला मीच तिथे ठेवायचे. भांड्यांतून पसरतं असं समूहावरच आलं होतं. तुम्ही खाली हात जोडलेत. मला वाटलं, तुम्हाला पटलं."

हात मी प्रत्येक संदेशाला जोडतो. न वाचता. सौजन्य म्हणून.

१२ सप्टेंबर
राणोजीचा निरोप : चित्रफीत काढायला लावा, म्हणजे नवरात्रात कोलूला तिला बोलावता येईल. कोलूच्या बाहुल्यांच्या पायऱ्या तीच मांडत असे. चार वर्षे कनका मांडते. मला त्या रिकाम्या दिसतात.

चित्रफीत काढ, असे मी तिला सांगणार नाही.

१४ सप्टेंबर
समूहावर पाठवलेली दुरुस्ती :
संयुक्ताने घर सोडले — २०१९ नव्हे, जुलै २०२१.
भांड्यांविषयीचा संदेश — जून २०२१. खोटा. त्यास जोडलेले हात आज मागे घेतले.
वडील तिच्याकडे निघाले — आज, कोवलमच्या बसने.