सेफ्टीची नोकरी

मिल्टन, १४ जून २००९

ती. कमलाताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

गुडघे आहेत तसेच आहेत. कळवायचं ते असं, की आपला आयुष इथल्या व्यावसायिक फुटबॉल संघात लागला. हा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून पळायचं आणि एकमेकांच्या अंगावर धावून जायचं. कॉलेजात त्याचं खांद्याचं हाड मोडलं, तेव्हापासून मला झोप नाही. पण आता त्याला सेफ्टीत घेतलंय. मी होतो त्या कारखान्यात सेफ्टीवाले हेल्मेट घालून बाजूला उभे असायचे, आठवतं ना? यालाही हेल्मेट दिलंय. जीव भांड्यात पडला.

पत्र पाठव, माया तिकडून येत राहू दे.
तुझा प्रेमानंद

नागपूर, २ जुलै २००९

चि. प्रेमानंदास,
जयभीम आणि आशीर्वाद.

मी गल्लीभर सांगून आले, नातू कॅनडात सेफ्टी ऑफिसर झाला. पण तुझ्या सुनेने, चित्राने, फोटो पाठवलाय, त्यात ऑफिसरसाहेबांच्या कानापर्यंत चिखल कसा? दोन बोटं पट्टीने बांधलीत ती कशाला? लहानपणापासून तू अर्धंच ऐकतोस. एकदा जाऊन बघून ये. मोजे घालून जा.

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.
कमला

मिल्टन, २६ जुलै २००९

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

बघून आलो. बघायला नको होतं. सेफ्टी म्हणजे सगळ्यांच्या मागे एकटा उभा असणारा. बाकीचे चुकले, की सुटलेल्या गड्याला यानेच झेप घेऊन पाडायचं. त्याला टॅकल म्हणतात. याच्या मागे कोणी नाही. अशाच एका टॅकलमध्ये आयुषचं डोकं आपटलं. उठला, पण दुसऱ्याच संघाकडे चालू लागला.

आता बेसमेंटमध्ये अंधार करून पडतो, खाल्लेलं ओकतो. मी शेजारच्या खोलीत, म्हणून मला माहीत. आईबापांना आणि डॉक्टरांना सांगतो, आय ॲम फाइन. मला म्हणाला, आजोबा, प्लीज, पहिलंच वर्ष आहे, माझी जागा दुसऱ्याला जाईल. खेळू द्यायचं का, ते डॉक्टर सप्टेंबरात ठरवणार. बोललो तर पोराचं स्वप्न मोडतं, गप्प बसलो तर पोरच. ताई, मी थकलो. काय करू?

मायेचा आधार असू दे.
प्रेमानंद

नागपूर, १२ ऑगस्ट २००९

चि. प्रेमानंदास,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. त्याचे आईबाप, प्रताप आणि चित्रा, दिवसभर कामावर, डॉक्टरला पोरगा फसवतोय. म्हणजे पुढचे सगळे चुकले. मागे कोण उभा आहे, ते तूच बघ. रागावेल. रागावू दे.

तुझ्यावर जीव आहे, म्हणून इतकं लिहिलं.
कमला

मिल्टन, १३ सप्टेंबर २००९

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

आयुषला डॉक्टरांकडे न्यायच्या दिवशी मीही हट्टाने गाडीत बसलो. प्रतापला वाटलं, मला गुडघे दाखवायचेत. डॉक्टरांसमोर आयुष फाइन म्हणाला. उजेडाने त्याचं डोकं दुखतं, हे सांगायला मी त्याच्याकडे बोट दाखवून ‘लाइट, पेन’ म्हणालो, तर डॉक्टरांनी लिहायचा पेन पुढे केला. मग मी ओकण्याची नक्कल करून दाखवली. प्रताप पोराकडे बघतच राहिला. या वर्षी खेळ बंद. पुढचं कोणी सांगत नाही.

तेव्हापासून आयुष माझ्याशी बोलत नव्हता. जेवायचं ताट घेऊन खाली निघून जायचा. काल मी जिन्यात धापा टाकत थांबलो होतो. तो वरून आला, माझा दंड धरून मला खाली नेलं आणि न हसता म्हणाला, गुड टॅकल, आजोबा.

टोमणा होता की काय, कळलं नाही. शब्दाचा अर्थ मात्र या वेळी कुणाला विचारावा लागला नाही.

थकलेल्या भावावरचा लोभ तेवढा ठेव.
प्रेमानंद