हात न लावता

अण्णा, परवा आमच्या चाचणीच्या मैदानावर जमिनीखाली एक जिवंत तोफगोळा निघाला, आणि तो मी लांबून, हात न लावता ओळखला. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

माझं काम तुम्हाला धड समजावून सांगायचं राहूनच गेलं. तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते, आणि दिंद्रुडच्या बाजारात भेटेल त्याला तुम्ही एवढंच सांगायचा, "पोरगी मिलिट्रीच्या मशिनी बघती." तर काम असं आहे. जमिनीत सुरुंग पुरलेला असेल, तर तिथं पाय न ठेवता, काठी न खुपसता तो शोधायचा. आम्ही मोठ्या भोंग्यातून जमिनीवर जाड आवाज सोडतो. त्यानं माती थरथरते, डोळ्यांना दिसणार नाही इतकी. लांब गाडीवर बसवलेल्या यंत्रातून लेझरचा किरण त्या मातीवरून फिरतो आणि ती थरथर मोजतो. खाली काही पुरलेलं असलं की वरची माती बाजूच्या मातीपेक्षा वेगळी हलते, आणि पडद्यावर तेवढी जागा लाल दिसते.

तुम्ही विहिरी खणताना खडक फोडायला बार उडवायचा तेव्हा तुमच्याजवळ फक्त कान होते. खडकात भोकं पाडून स्फोटकांचे तोटे भरायचे, वाती पेटवून वर यायचं आणि लांब उभं राहून आवाज मोजायचे. माझ्या दहावीच्या सुट्टीतला तो दिवस मला अजून दिसतो. मी भाकरी घेऊन आलेय. विहिरीत नऊ बार भरलेत, तुम्ही एकेक बोट दुमडताय, आणि आठव्या बोटावर थांबलाय. धूर निवळतो, मजूर उतरायला उठतात. तुम्ही हात आडवा करता.

"दोन संगं उडाले असतील की," विहिरीचे मालक म्हणाले. "माणसं कशापायी बसवून ठेवतो?"

"संगं उडाले तर आवाज येगळा येतो, मालक. आठच झालेत. एक आत हाय."

"मग मी दुसरा माणूस आणतो."

"आणा. पर आज तोबी खाली जाणार न्हाई."

आणि तुम्ही शिडीच्या तोंडाशी जाऊन बसलात, ते दिवस मावळेपर्यंत. मालकांचा आवाज चढत गेला, तुमचा चढला नाही. मध्येच मी कुतूहलानं वातीचा एक तुकडा उचलला, तर मनगटावर असा फटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही मला मारलंत ते तेवढंच. "आधी बघायचं, मग ऐकायचं," तुम्ही म्हणालात. "हात सगळ्यात शेवटी." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही एकटे उतरलात. कोपऱ्यातल्या भोकात वात अर्धी जळून विझलेली, तोटा तसाच. शेजारी नवा बार भरून तुम्ही तो उडवलात, मगच माणसं खाली गेली. त्या मालकांनी पुन्हा तुम्हाला बोलावलं नाही, आणि त्याबद्दल घरात तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत.

परवा लष्कराच्या लोकांनी एका पट्ट्यात सहा रिकामे सुरुंग पुरून ठेवले होते. कुठे, ते आम्हाला सांगितलं नव्हतं. ते आम्ही शोधायचे आणि मग जवानांनी त्या पट्ट्यातून चालत जायचं, अशी चाचणी. पडद्यावर सात जागा लाल झाल्या. अधिकारी म्हणाले, "मॅडम, यादीत सहाच आहेत. ही जागा आधी साफ केलेली आहे. तुमचं यंत्र चुकतंय." माझा सहकारी हळूच कानाशी म्हणाला, "एक चूक चालते आपल्याला. सोडून द्या, पास होऊ." खरं होतं ते. चूक मान्य केली असती तर पाच वर्षांचं काम तिथल्या तिथं मंजूर झालं असतं. चाचणी थांबवली आणि खाली दगड निघाला, तर सगळ्यांसमोर हसं.

मी ती जागा तीनदा मोजली. तिन्ही वेळा तीच थरथर. मग म्हणाले, "या पट्ट्यात आज कुणी पाय ठेवणार नाही."

बॉम्ब निकामी करणारं पथक यायला दोन तास लागले. ते दोन तास मी उन्हात उभी होते. वीतभर माती ब्रशनं सारल्यावर गोळा दिसला. कुठल्यातरी जुन्या सरावातला, गंजलेला, न फुटलेला. जागेवरच उडवला त्यांनी. एवढी माती वर गेली की मागे उभे जवान आणखी मागे सरकले. त्यातले बरेच विशी-बाविशीचे होते, अण्णा. माझं यंत्र मंजूर झालं, पण मान ताठ झाली ती त्यांना गाडीत चढताना पाहून.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. निघताना त्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "असं अडून बसायला कुठं शिकलात?" मी म्हणाले, "नियमावलीत आहे, सर." नियमावलीत तसं काही नाही. इतक्या मोठ्या लोकांत, विहिरीवर बार उडवणाऱ्या वडिलांकडून शिकले, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.