‘एकच शब्द’ हा न विकलेला खेळ आणि मॅग्नोलिया रस्त्यावरचं घर

मी, डोरीन फेल्ट्झ, वय एक्याऐंशी, धंदा टीव्हीसाठी खेळ रचणे (सध्या बंद), राहणार मॅग्नोलिया रस्ता, बरबँक, कॅलिफोर्निया, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझा नवरा लायल याचं मत वेगळं आहे, परंतु ते विचारात घेण्याचं कारण नाही.

यापूर्वी रागाच्या भरात केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतल्या एकातही लायलला काही मिळणार नव्हतं. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असा नियम, म्हणूनच दर वेळी साक्षीदार म्हणून तोच सोयीचा पडे.

कलम १. ‘एकच शब्द’ या खेळाचे सर्व हक्क आणि टेप गावच्या वाचनालयास द्यावी. खेळ असा: जोडीतला एक जण फळ्यावरचा शब्द पाहतो, दुसरा फळ्याकडे पाठ करून बसतो. पाहणाऱ्याने एकेका शब्दाची सूचना द्यायची. सूचना कमी, तर गुण जास्त. शेवटच्या फेरीत एकच सूचना आणि एकच उत्तर. जमलं तर घंटा आणि मोटार, चुकलं तर भोंगा.

१९७४ साली आम्ही याचा नमुन्याचा भाग चित्रित केला. असा भाग लोकांना दाखवायचा नसतो, वाहिनीच्या साहेबांना दाखवून खेळ विकायचा असतो. म्हणून त्यातले खेळाडू भाड्याचे नट असतात आणि कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. ही लबाडी नव्हे, आमच्या धंद्याचा रिवाज आहे.

त्या सकाळी आमचा नट साबणाच्या जाहिरातीला पळाला. सेटवर सुतारकाम करणाऱ्या लायलला मी कोट चढवला आणि त्याची जोडीदार मीच झाले. रंगभूषेच्या खोलीत त्याला नीट बजावलं की शेवटचा शब्द ‘लग्न’ आहे. त्याने मान डोलावली. दिवे लागले, साहेब लोक समोर बसले. मी सूचना दिली, “सवय.”

लायलने बराच विचार केला आणि म्हणाला, “सिगारेट.”

साहेब कॉफीलाही थांबले नाहीत. गाडीत बसल्यावर मी विचारलं, “अरे, उत्तर माहीत होतं ना तुला?”

“होतं की. पण सवय म्हटल्यावर लग्न कसं सुचेल? खेळ म्हणजे खेळ.”

“लग्न झालेल्याला सुचतं,” मी म्हटलं. त्याने सिगारेट पेटवली. त्यानंतर माझा एकही खेळ कोणी घेतला नाही, आणि मी ते त्याला रोज ऐकवत आले.

कलम २. फिरता फळा लायलनेच बनवला आहे, सबब तो त्याचाच. सध्या त्यावर कपडे वाळतात, ते आधी काढावेत.

कलम ३. माझा भाचा केंट यास चुकीच्या उत्तराचा भोंगा द्यावा. चालू स्थितीत आहे. दुसरं काही देऊ नये.

कलम ४. घर. हे माझ्या आईकडून आलेलं, एकट्या माझ्या नावावरचं आहे. केंटला ते विकून लायलला वृद्धाश्रमात टाकायचं आहे. परवा तो तिथली रंगीत पत्रकं ठेवून गेला. मला वाटलं, लायल ती फेकून देईल. तो चष्मा लावून वाचत बसला आणि म्हणाला, “जेवण बरं दिसतंय गं.” मी मेल्यावर आपल्या डोक्यावर छप्पर राहणार नाही, हे या माणसाने कधीचंच गृहीत धरलं होतं, आणि तरी तो रोज सकाळी माझी कॉफी करत होता. सबब हे घर, गॅरेजसह, लायल फेल्ट्झ यास. तिथे त्याने खुशाल सिगारेट ओढावी.

नोंद: वरचं वाचून झालं तेव्हा दुसरा साक्षीदार, म्हणजे वकील ओगावाबाईंचा कारकून, वाटेत अडकला होता. लायल कॉफी घेऊन आत आला. सवयीने पेन उचलून म्हणाला, “आणा इकडे, मी करतो. माझी साक्ष चालते.”

त्याने ‘लाय’ एवढं लिहिलं आणि मी म्हटलं, “तू नको सही करूस.”

तो पेन धरून उभा राहिला. ओगावाबाई कागदात बघत राहिल्या. मी पुढे एक शब्दही बोलले नाही.

“घर?” लायल म्हणाला.

“बरोबर,” मी म्हटलं. घंटा गॅरेजात होती, नाहीतर वाजवली असती.

सही: डोरीन फेल्ट्झ
साक्षीदार: १. रमोना एस्पिनोझा, शेजारीण
२. ~~लाय~~ ग्लेन टकाहाशी, कारकून (उशिरा आले)
बरबँक, ९ मार्च २००९