मरेपर्यंतची खोली

चिरंजीवास,

गेल्या आठवड्यात वृद्धाश्रमाच्या ऑफिसात तू मॅनेजरबाईंना हळूच विचारलंस, "आई अजून साधारण किती वर्षं काढेल? त्यावरच ठरवू, महिन्याला भरायचे की एकरकमी." मी दारातच उभी होते. बाई ओशाळल्या. तू मात्र मोबाइलवर आकडेमोड करत होतास.

तीस वर्षं नर्स होते मी. वॉर्डाबाहेर हा प्रश्न कितीतरी पोरांच्या तोंडून ऐकला आणि दर वेळी मनात म्हटलं, माझा असा निघणार नाही. तुझ्यापेक्षा माझ्याच भाबडेपणाची कीव आली.

काल मी एकटीच गेले आणि एकरकमी पैसे भरून मरेपर्यंतची खोली घेतली. भिंत पाडून तू ज्याचा हॉल मोठा करणार होतास, ते घर परवाच शेजारच्या दंतवैद्याला विकलं. तो कधीचा मागे लागला होता.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. पुढच्या महिन्यात तू गवंड्याला घेऊन येशील, तेव्हा दार दंतवैद्य उघडेल. त्यालाच विचार काय ते.

तुझी आई